सोडलेला श्वास आणि चुना



आमच्या बचत गटाची सहल तारकर्लीला गेली होती. तिथे पाठीवर टाकी बांधून समुद्रात उतरणारी मुलं पाहिली. ती खाली गेली की पाण्यावर बुडबुडे येत. गटातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, एवढी हवा वायाच जाते की!"

आजींचं म्हणणं खरं आहे. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो आणि सोडलेल्या श्वासातही 16 टक्क्यांच्या आसपास उरतो. मग तीच हवा परत का घ्यायची नाही? कारण तिच्यात सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड आलेला असतो. तो साठत गेला, की ऑक्सिजन असूनही धाप लागते, डोकं दुखतं, काही सुचत नाही आणि माणूस बेशुद्ध पडतो.

यासाठी काही पाणबुडे 'रिब्रीदर' नावाचं यंत्र वापरतात. त्यात सोडलेला श्वास एका डब्यातून फिरतो. डब्यात सोडा लाइमचे दाणे असतात. त्यात मुख्य असतो तो आपला भिजवलेला चुना. चुना कार्बन डायऑक्साइड धरतो आणि त्याची चुनखडी होते. चुन्याच्या निवळीत फुंकलं की ती दुधाळ होते, ती याच गुणाने. साफ झालेल्या हवेत थोडा ऑक्सिजन मिसळला, की तोच श्वास पुन्हा घेता येतो. ऑपरेशनच्या वेळी भूल देण्याच्या यंत्रातही हाच सोडा लाइम असतो.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडच्या हेन्री फ्लूस यांनी 1878 मध्ये असं यंत्र केलं. त्यात चुन्याऐवजी कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला दोर होता. 1880 मध्ये सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्यात पाणी भरलेलं असताना अलेक्झांडर लॅम्बर्ट हे पाणबुडे तेच यंत्र लावून अंधारात आत चालत गेले आणि लोखंडी दार बंद करून आले. वरून हवा देणारी लांब नळी ओढत तिथवर जाणं त्यांना आधी जमलं नव्हतं.

पण चुन्याला मर्यादा असते. काही तासांत त्याची ताकद संपते. दाणे नीट दाबून भरले नाहीत, तर हवा फटीतून तशीच निघून जाते. म्हणून किती तास वापरला याची नोंद ठेवतात. "अजून थोडा चालेल" हा हिशेब तिथे जिवावर बेततो.

मैत्रिणींनो, हे सांगायचं कारण आपल्या दारातच आहे. मी लहान असताना आमच्या वाडीत जुन्या विहिरीचा गाळ काढायला एक जण उतरला. तो कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघंही गेले. गाळ कुजून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. विषारी वायूही असू शकतात. दिवा सोडून विझला तर उतरायचंच नाही. पण दिवा तेवत राहिला म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही. आणि चुना टाकूनही ती साफ होत नाही, बरं का.

उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच, म्हणजे वरून ओढता येईल. कोणी खाली पडलं, तर मागे उतरू नका, कोणाला उतरू देऊ नका. आधी 112 नंबर लावा. माया आहे म्हणूनच माणूस मागे उडी घेतो. त्या वेळी त्याचा हात धरायला आपण काठावर हव्यात.