टाके घालण्याआधीची मोजणी



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दुखणं हाताबाहेर गेलं की घाटाखालची माणसं पेशंटला घेऊन अकोला गाठतात आणि घाटावरची जालना नाहीतर औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण झालं. १३ तारखेला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली. पुढे ताप चढला, पोटात कळा येऊ लागल्या. १९ तारखेला पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत रक्त टिपायचा कपडा सापडला. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला मॉप म्हणतात. भोवती पू झाला होता. २४ तारखेला ती गेली.

नवऱ्याने दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला २० फेब्रुवारी १९९६ रोजी. त्या जुलैत जन्मलेली मुलं तोवर स्वतः आईबाप झाली होती. खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन हा निकाल वकील मंडळी आजही दाखवतात, कारण रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, म्हणून भरपाई लागू नाही, हा सरकारचा बचाव त्यात टिकला नाही.

असा कपडा आत राहू नये याचा उपाय साधा आहे. पोट शिवण्याआधी सिस्टरने मॉप, गॉज, सुया मोठ्याने मोजायच्या आणि आकडा जुळल्याशिवाय टाका घालायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अशा सगळ्या खातरजमांची एक यादी केली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शंभरातल्या ११ रुग्णांना होणारी गुंतागुंत ७ वर आली आणि मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर. यासाठी नवं यंत्र लागत नाही. मात्र आकडा जुळत नसेल तर “डॉक्टर, थांबा” असं म्हणायची मुभा सिस्टरला हवी. बुलढाण्यात २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या विद्यार्थ्यांना ही सवय पहिल्या दिवसापासून लागावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता भरपाईचं. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आली, पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं त्यातून वगळली. म्हणजे पैसे भरणाऱ्याला ग्राहक आयोगाचं दार उघडं, आणि सरकारी दवाखान्यावर विसंबलेल्या शेतमजुराला तोच दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता. हे मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा रस्ता आपल्याकडेच तयार आहे. २००५ पासून कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारची भरपाईची योजना आहे. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक मुदतीत मृत्यू झाला, गुंतागुंत झाली किंवा शस्त्रक्रिया फसली, तर ठरलेली रक्कम मिळते. डॉक्टर चुकला हे सिद्ध करत बसावं लागत नाही, आणि डॉक्टरलाही दाव्यापासून संरक्षण मिळतं. औरंगाबादच्या त्या बाईची शस्त्रक्रिया हीच होती. मग सिझेरियन, अपेंडिक्स, हर्निया यांनाच ही सोय का नसावी?

चुकीतून शिकण्याची रीतही आहे. बाळंतपणात दगावलेल्या प्रत्येक बाईच्या मृत्यूचं अन्वेषण जिल्ह्यात होतं. कुणाला शिक्षा करायची म्हणून नव्हे, तर उशीर कुठे झाला हे शोधायला. ॲम्ब्युलन्स, रक्त, रेफर करण्याचा निर्णय, सगळं तपासतात. शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्या प्रत्येक रुग्णाचं असंच अन्वेषण व्हावं, आणि काय सापडलं ते आधी घरच्यांना सांगावं. माणूस गमावलेल्या घराला पहिल्या दिवशी पैसा नको असतो. काय घडलं ते कळायला हवं असतं.

तोवर एक गोष्ट ध्यानात ठेवा. रुग्णाचे केसपेपर मागायचा हक्क तुमचा आहे, आणि मागितल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर नियमाने बंधनकारक आहे. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. ग्राहक आयोगात जायचं असेल तर मुदत दोन वर्षांची.