कानाने पारखणारी भाषा



लॅटिन म्हटले की आपल्याला कायद्याची कलमे आठवतात, औषधी वनस्पतींची नावे आठवतात, फार तर चर्चमधली प्रार्थना आठवते. शिळेवर कोरलेली, गंभीर, मोजकी भाषा अशी तिची ख्याती आहे. मी आज बोलणार आहे ते तिच्या नादाविषयी. घणघणणाऱ्या, किणकिणणाऱ्या, घुमणाऱ्या आवाजांसाठी रोमन लोकांकडे कोणते शब्द होते आणि ते आवाज ते कशासाठी ऐकत असत, हा माझा विषय.

सुरुवात एका वगळलेल्या शब्दापासून करतो. एनिउस हा लॅटिन महाकाव्याच्या आरंभीच्या कवींपैकी एक, इ.स.पू. २३९ ते १६९ हा त्याचा काळ. रणतुरीचा आवाज ऐकवताना त्याने सरळ ‘टाराटांटारा’ हा शब्द ओळीत बसवला. त्याचे काव्य आज तुकड्यांतच उरले आहे. ही ओळ वाचली ती व्याकरणकारांनी उदाहरण म्हणून दिली म्हणून. पुढे व्हर्जिलने ‘एनीड’च्या नवव्या सर्गात याच ओळीचा पूर्वार्ध जवळजवळ तसाच उचलला, पण टाराटांटारा काढून टाकला आणि त्या जागी गाणाऱ्या काशाचा उल्लेख केला. सर्विउस या भाष्यकाराने हा बदल नेमका टिपून ठेवला आहे.

व्हर्जिलने असे का केले असावे? पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा आचार्य क्विन्टिलियन याच्या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर सापडते असे मला वाटते. तो म्हणतो, आवाजावरून शब्द घडवणे हा ग्रीकांकडे मोठा गुण मानला जातो, आपल्याला मात्र त्याची मुभा नाही. होमरचे धनुष्य टणत्कार करते आणि राक्षसाचा डोळा चरचरतो. तसे काही लॅटिनमध्ये नव्याने करायला जावे तर कोण खपवून घेईल? मेंढीच्या बें-बें करण्याला आणि घोड्याच्या खिंकाळण्याला असलेली क्रियापदेसुद्धा जुनी आहेत म्हणून चालतात, नाहीतर तीही वापरण्याचे धाडस आपण केले नसते, असे त्याचे म्हणणे.

मराठी माणसाला हे नवल वाटेल. आपण खणखण, ठणठण, छुमछुम, रुणझुण यांत कधीच काटकसर केली नाही. पण शिष्ट लॅटिनने नवे नादशब्द घडवायचे टाळले, त्यामुळे जे जुने होते त्यांच्यावर मोठा भार आला आणि त्यांना नेमकेपणा आला. ‘टिन्नीरे’ म्हणजे धातूचे पातळ, उंच किणकिणणे. ‘क्लांगोर’ तुतारीचा, आणि तितकाच गरुडाचा किंवा हंसांच्या थव्याचा. काशाच्या नळीतून किंवा ताणलेल्या गळ्यातून फुटणारा कर्कश आवाज. ‘क्रेपारे’ हा कोरडा आवाज आहे: तडकणे, करकरणे, खडखडणे. प्लाउटुस आणि टेरेन्स यांच्या विनोदी नाटकांत रंगमंचावर कोणी येणार असले की पात्रे आधी दार वाजल्याचे सांगतात, तिथे हेच क्रियापद येते. ‘बोम्बुस’ हा ग्रीकांकडून आलेला शब्द मधमाश्यांच्या गुंजारवाचा. सम्राट नीरोला अलेक्झांड्रियाच्या लोकांची तालबद्ध टाळ्यांची पद्धत इतकी आवडली की त्याने पाच हजारांहून अधिक धट्टेकट्टे तरुण निवडून त्यांना ती शिकवायला लावली. त्या टाळ्यांच्या प्रकारांची नावे चरित्रकार स्वेटोनिउसने दिली आहेत: गुंजारव, कौले आणि खापऱ्या. टाळीचा प्रकार ओळखायचा तो कोणत्या वस्तूसारखी ती वाजते यावरून!

मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. रोमन माणूस आवाज ऐकतो तेव्हा तो कशातून निघाला आणि ती वस्तू अस्सल आहे का, हे तो विचारतो. त्याचा कान रसिकाचा नव्हता असे नाही, पण आधी तो पारख्याचा होता. क्विन्टिलियन वक्त्याच्या आवाजाबद्दल शिकवताना सांगतो की काशाची ओळख जशी त्याच्या किणकिणाटावरून पटते तशी माणसांची त्यांच्या आवाजावरून. पेर्सिउस हा उपहासकवी सत्य आणि असत्य यांतला भेद सांगताना सोन्याचा मुलामा दिलेल्या, खोट्या वाजणाऱ्या नाण्याचा दाखला देतो. आपला ‘खणखणीत’ हा शब्द याच व्यवहारातून वर आला आहे, म्हणून हे समजायला आपल्याला कष्ट पडत नाहीत.

युद्धयंत्रांतही हाच कान लागे. वास्तुविशारदाला संगीत का यावे, याचे रोमन वास्तुविशारद विट्रूविउसने आपल्या ग्रंथात दिलेले एक कारण ऐका. दगड फेकणाऱ्या यंत्राच्या डाव्या-उजव्या बाजूंना स्नायूंचे पिळलेले दोर असतात. ते हाताने छेडले की दोन्हींतून एकच सूर यायला हवा. सूर वेगळे आले तर ताण असमान आहे आणि नेम चुकणार. वादकाने तार जुळवावी तसा यंत्रकार तोफखाना जुळवत होता.

आणि ही पारख भाषेत मुरली. ‘डिस्क्रेपारे’ म्हणजे मुळात वेगळे वाजणे. त्यावरूनच हिशेबातल्या आणि जबाबातल्या विसंगतीला इंग्रजीत डिस्क्रेपन्सी म्हणतात. ‘आब्सुर्दुस’ म्हणजे बेसूर, कानाला खटकणारे. सिसेरो तो शब्द आवाजासाठीही वापरतो आणि विचारासाठीही. आपण ज्याला ॲब्सर्ड नाटक म्हणतो त्याच्या नावात हा बेसूरपणा आहे. तर्कातली चूक कानाला आधी कळते, अशी जणू या भाषेची धारणा होती.

आता घंटेकडे येतो. ‘टिन्टिन्नाबुलुम’ या शब्दातच घंटा दोनदा वाजते. पण ती देवळातल्या मोठ्या घंटेसारखी नव्हती. बहुधा छोटी, दारावरची. ऑगस्टसने इ.स.पू. २२ मध्ये कॅपिटोल टेकडीवर गडगडणाऱ्या जुपिटरचे, जुपिटर टोनान्सचे, मंदिर बांधले. स्वेटोनिउस सांगतो की तिथला जुना, मोठा जुपिटर सम्राटाच्या स्वप्नात आला आणि माझे भक्त त्या नव्या देवाने पळवले, अशी तक्रार करू लागला. ऑगस्टसने उत्तर दिले, त्याला तुमचा द्वारपाल म्हणून बसवला आहे. आणि मग नव्या मंदिराच्या शिखरपट्टीला घंटा टांगल्या, कारण घंटा दारावर असतात. स्नानगृह उघडल्याची जी घंटा वाजे तिला कवी मार्शल नुसते ‘एस’ म्हणतो, म्हणजे कासे. धातूचे नाव तेच घंटेचे नाव. हा ‘एस’ आणि आपल्या वेदातला ‘अयस्’ एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत. तसेच ‘सोनुस’ आणि स्वन, ‘मुरमुर’ आणि मर्मर, ‘टोनारे’ आणि मेघगर्जनेचा स्तन् धातू.

चर्चची मोठी घंटा आली ती नंतर, आणि तिला सुरुवातीच्या मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सिग्नुम’ म्हणू लागले, म्हणजे खूण, इशारा. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे ‘सिनो’ झाले. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची प्रसिद्ध सोन्याची घंटा पोर्तुगीजमध्ये ‘सिनो द ओरो’ आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्यानंतर जे सिनो आपल्याकडच्या देवळांत येऊन टांगले गेले, त्यांचेही हेच कुळ. या नावात मात्र धातू उरला नाही, नाद उरला नाही. फक्त बोलावणे उरले. मला या बदलाची हळहळ वाटते.

कानाच्या आतल्या आवाजाला डॉक्टर आजही ‘टिनिटस’ म्हणतात. रोमन लेखक ज्येष्ठ प्लिनीच्या काळीही कानातल्या वाजण्याला हाच शब्द होता आणि तो नोंदवतो की कान वाजले तर दूर कोणीतरी आपल्याविषयी बोलत आहे असा समज होता. आपण उचकीला जे मानतो, ते रोमनांनी कानाला मानले.

शेवटचा शब्द ‘रेसोनारे’, पुन्हा वाजणे, घुमणे. याच्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. विट्रूविउसने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात नाट्यगृहासाठी जागा निवडताना ती कशी वाजते हे तपासायला सांगितले आहे आणि जागांचे चार प्रकार केले आहेत. एक आवाज दाबणारी. दुसरी आवाज फिरवून विरवणारी. तिसरी ‘रेसोनान्स’: इथे आवाज कठीण वस्तूवर आदळून परततो आणि शब्दांची शेवटची अक्षरे दुहेरी ऐकू येतात. चौथी ‘कोन्सोनान्स’: इथे आवाजाला खालून आधार मिळतो, तो फुगत वर चढतो आणि शब्द स्पष्ट पोचतात. म्हणजे त्याचा रेसोनान्स हा आपला प्रतिध्वनी आणि तो दोषांत मोडतो. पदार्थविज्ञान ज्याला रेझोनन्स किंवा अनुनाद म्हणते, त्या साहाय्यक नादाच्या जवळ त्याचा कोन्सोनान्स आहे.

हा साहाय्यक नाद मिळवायला त्याने काशाची भांडी सुचवली. चौथ्या, पाचव्या सुरापासून दुहेरी सप्तकापर्यंत ठरावीक अंतरांनी जुळवलेली, आसनांमधल्या कोनाड्यांत उलटी ठेवलेली, रंगमंचाकडची बाजू किमान अर्धा फूट उंच पाचरींवर उचललेली. रोमन सेनापती मुम्मिउसने कोरिंथचे नाट्यगृह पाडून अशी भांडी रोमला आणली, असे तो सांगतो. रोममधल्या लाकडी नाट्यगृहांना त्यांची गरज नव्हती, कारण फळ्या स्वतःच वाजत. वरच्या सुरात गायचे असले की गायक तोंड वळवून रंगमंचाच्या दारांकडे गात. गरीब गावांत काशाऐवजी मातीचे रांजण बसवत, आणि तेही कोणतेही नव्हे, नीट वाजणारे निवडून. आपण उन्हाळ्यात माठ टिचकी मारून घेतो तसेच.

पुढे मध्ययुगात युरोपातल्या कित्येक चर्चच्या भिंतींत मडकी बसवली गेली. मेत्झ शहरातल्या मठाच्या बखरीत १४३२ मध्ये मठप्रमुखाने गायन अधिक घुमावे म्हणून अशी मडकी बसवल्याची नोंद आहे, आणि तिथेच त्या उपक्रमाची थट्टाही केलेली आहे. विट्रूविउस वाचताना माझ्या ध्यानात येते ते हे की त्याचा सगळा भर सुरांवर आहे. भांडे कुठल्या कोनाड्यात ठेवायचे ते सांगण्याआधी ते कोणत्या सुरात बोलले पाहिजे, हे तो पानभर समजावतो.