पहिली रात्र कुणाकडे?



नवा माणूस मुंबईला का येतो?
कामासाठी, हे तर झालंच.
पण या शहरात आणखी एक गोष्ट मिळायची.
आपल्या गावचा माणूस.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली.
पाठोपाठ कापडाच्या गिरण्या आल्या.
घाटावरची माणसं रेल्वेनं यायची.
कोकणातली बोटीनं, भाऊच्या धक्क्यावर.
खिशात पैसे थोडे.
पण एक पत्ता असायचा. लालबागचा, नाहीतर परळचा.

तिथे असायची गावकीची खोली.
एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली.
भिंतीला खुंट्या. कडेला ट्रंका.
एक जण पाळीवर गेला,
की त्याच्या जागी दुसरा झोपायचा.
अंथरूण गार होत नसे म्हणा ना!
भाडं मात्र सगळ्यांत वाटून.

आणि जेवण? ते खानावळीत.
खानावळ चालवायची बहुधा एखाद्या कामगाराचीच बायको.
पैसे पगार झाल्यावर.
ही उधारी कशावर? ओळखीवर.
पुन्हा तेच, आपल्या गावचा माणूस.

या बायकांची मेहनत कुणी फारशी मोजली नाही.
१९७५ साली कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणलं.
अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.
खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं.

१९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली.
जुन्या चाळींच्या जागी टॉवर आले.
तरी मुंबईला निघालेल्या पोराला
आई आधी हेच विचारते,
"पहिली रात्र कुणाकडे उतरणार रे?"