गिअरचं ऑइल बदलताना आधी वरचा नट



बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात आपे तयार होतात, आणि आपल्याच भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी या रस्त्याने दूध, पेरू, डाळिंबं, पालेभाजी घेऊन इंदापूरपर्यंत धावतात. आता काही गाड्या बचतगटांच्याही आहेत. 2017 मध्ये आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आली, तिच्यात तर गटातल्या बाईनेच गाडी चालवावी अशी कल्पना आहे. तेव्हा हप्त्याचं पुस्तक जसं आपण नीट ठेवतो, तसं गाडीच्या पोटाखाली काय चाललंय तेही आपल्याला कळायला हवं.

इंजिन ऑइल सगळ्यांच्या लक्षात असतं. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र कुणाला आठवत नाही, कारण ते बदलायची वेळ फार दिवसांनी येते. आली की गाडी गॅरेजला लावून आपण बाजाराला निघून जातो.

गेल्या पेरूच्या हंगामात आमच्या एका गटाच्या टेम्पोचं असंच ऑइल बदललं गेलं. मिस्त्रीने खालचा नट पान्याला लोखंडी पाइप लावून आवळला. घट्ट झाला म्हणून सगळे खूश. प्रत्यक्षात पेटीचे आटे गेले होते. ऑइल थेंबथेंब गळत राहिलं, आठ दिवसांनी गिअर ओरडायला लागले आणि गाडी बारा दिवस उभी राहिली. माल भाड्याच्या गाडीने गेला, हप्ता काही थांबला नाही. त्यानंतर आम्ही मासिक बैठकीला एका जाणत्या मेकॅनिकला बोलावलं आणि हे काम समोर करून घेतलं. तेच आज सांगतोय.

गिअरबॉक्सला दोन नट असतात. तळाला ऑइल सोडायचा आणि बाजूला वरच्या अंगाला ऑइल भरायचा. (काही गाड्यांत पातळी बघायला वेगळी पट्टी असते. आपल्या गाडीचं पुस्तक बघावं.) तळाला एकासारखे एक दिसणारे बोल्ट असतात, त्यातला कुठला सोडायचा हेही पुस्तकातल्या चित्रावरूनच ठरवायचं.

गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, नटांभोवतीचा चिखल पुसून घ्या. आणि आता पहिला पाना वरच्या नटाला लावा. खालच्या नाही. वरचा नट वर्षानुवर्षं उघडलेला नसतो, गंजून धरलेला असतो. खालचा सोडून सगळं ऑइल काढलं आणि मग वरचा उघडलाच नाही, तर नवं भरायचं कुठून? गाडी तिथेच अडकली. आधी वरचा हलवून बघितला आणि तो नाहीच हलला, तर जुनं ऑइल जागेवर असतं, गाडी चालवत दुसऱ्या गॅरेजला नेता येते. शिवाय वरचं भोक मोकळं असलं की खालून धार नीट पडते. गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, तसंच.

काढलेला खालचा नट बघा. पुष्कळ नटांना लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा मऊ काळा गाळ असला तर काळजी नको, पुसून टाका. नखाला टोचतील असे तुकडे निघाले तर मात्र मेकॅनिकला दाखवल्याशिवाय नट परत लावू देऊ नका.

आता आवळायचं. पुष्कळ गाड्यांत पेटी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि नट लोखंडी. दोघांच्या भांडणात मऊ असतो तो मरतो. नट बिघडला तर नवा मिळतो, पेटीचे आटे गेले तर खर्च मोठा. म्हणून नट आधी हाताने फिरवा. सरळ बसला तर बोटांनीच आत जातो. अडला तर जोर न लावता उलटा काढून पुन्हा धरा. नटाखालचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घाला. गळती तो वॉशर दाबला गेल्याने थांबते, आपल्या ताकदीने नाही. कुकरची रिंग जुनी झाली की झाकण कितीही दाबलं तरी वाफ जाते, तसं. काही नटांना वॉशर नसतो, त्यांचे आटेच निमुळते असतात. त्यांना वॉशर घालू नये.

किती आवळायचं याचा आकडा गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात असतो, पुढे न्यूटन मीटर लिहिलेलं. समजा 30 लिहिलंय. एक फुटाच्या पान्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा जोर दिला की 30 होतात. त्याच पान्याला पाइप लावून दांडा मीटरभर केला, तर तोच जोर 100 च्या जवळ जातो. हाताला फरक कळतच नाही. आपल्या गाडीचा आकडा वेगळा असेल, आणि वरच्या-खालच्या नटाचाही वेगळा असू शकतो. टॉर्क पाना या आकड्यावर लावला की तो टक् करून सांगतो. एका गटाला महाग वाटला तर ग्रामसंघाने मिळून एक घ्यावा. तो फक्त आवळायला वापरायचा, जाम नट सोडायला नाही.

खालचा नट बसला की पुस्तकात दिलेल्या नंबरचंच ऑइल वरच्या भोकातून भरा. भोकाच्या काठाशी येऊन ओघळायला लागलं की थांबा. ठिबकणं बंद झालं की नवा वॉशर घालून वरचा नट बसवा.

मिस्त्री म्हणेल, “ताई, वीस वर्षं हेच करतोय.” म्हणू द्यावं. “भाऊ, आधी वरचा उघडा आणि पाइप नको,” एवढं म्हणायला आपण तिथे उभं राहायचं. ऐकणारे पुष्कळ भेटतात.

जुनं ऑइल नीरा डाव्या कालव्यात, चारीत किंवा उकिरड्यावर ओतू नका. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या आणि हात साबणाने धुवा.

दोन्ही नट फडक्याने कोरडे पुसा, रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी पुठ्ठा कोरडा असला तर खेपेला जा, आणि आल्यावर पुन्हा एकदा नटाखाली बोट फिरवा. ऑइल कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला बदललं ते गटाच्या वहीत लिहा.