अढळ ध्रुवाची रात्र

पृथ्वी फिरते हे मुले पुस्तकात वाचतात; ते डोळ्यांनी दाखवायचे कसे? पेठच्या डोंगराळ भागात अजून काळोख शिल्लक आहे, तोच आपला फळा.

अमावास्येच्या सुमारास, मार्गशीर्ष-पौषातल्या निरभ्र रात्री कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. तोंड उत्तरेकडे ठेवा, म्हणजे नाशिक शहराचा उजेड पाठीशी राहतो. इथे ध्रुव क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर दिसतो. लांब केलेल्या हाताच्या दोन मुठी मोजा की सापडला. चित्रात खाली एखादे मोहाचे झाड घ्या. नुसते आकाश पोरके वाटते.

फोकस ठळक ताऱ्यावर हातानेच लावा. छिद्र २.८ ते ४, आयएसओ ८००, आणि ३० सेकंदांचे एकेक चित्र, खंड न पाडता दोन तास. मग ती सारी संगणकावर एकत्र जोडा.

तारे तासाला १५ अंश सरकतात. गुरुजी, उमटलेले कंस मुलांना कोनमापकाने मोजू द्या; ३० अंश भरतील. नीट पाहिले तर अढळ ध्रुवानेही इवलासा कंस काढलेला असतो! ‘आकाश फिरते की आपण?’ असे एखादे पोर विचारील. त्या प्रश्नासाठी शाळेच्या आवारातला दिवा एक रात्र मालवायला काय हरकत आहे?