आईची शिदोरी आणि काविळीचे भय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिलांच्या सभेत झालेले भाषण)



काविळीचे नाव निघाले की आपल्या घरांत आजही कुजबुज सुरू होते. आणि तिचा विषाणू गर्भवती सुनेच्या रक्तात सापडला, तर बोल तिच्या माहेराला लागतो. ही कुजबुजच बाळाला घातक ठरते, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

काविळीचे विषाणू अनेक आहेत. दूषित पाण्यातून येणारा ‘ई’ विषाणू गर्भिणीस विशेष मारक. १९५५-५६ सालच्या दिल्लीतील साथीत त्याचा दारुण प्रत्यय आला. रक्तावाटे पसरणारे ‘बी’ आणि ‘सी’ मात्र वर्षानुवर्षे यकृतात दडून राहतात. माता वरून धडधाकट दिसते.

गर्भाला वारेतून अन्नाबरोबर मातेच्या रक्तातील प्रतिद्रव्येही मिळतात. शेवटच्या तीन महिन्यांत ती विपुल उतरतात. म्हणून ‘सी’ची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात आढळली, तरी बाळास रोग झाला असे ठरत नाही. ती आईकडून आलेली असू शकतात, व साधारणतः दीड वर्षात नाहीशी होतात. त्याआधी निर्णय करावयाचा, तर खुद्द विषाणूचा शोध घेणारी तपासणीच हवी.

‘बी’च्या बाबतीत मात्र आईची ही शिदोरी अपुरी पडते. ज्या मातेच्या रक्तात तो ठाण मांडून बसला आहे, तिच्यापाशी त्याला आवरणारी प्रतिद्रव्ये बहुधा नसतातच. मग ती बाळास कोठून देणार? हा विषाणू बहुधा प्रसूतीच्या वेळी बाळास लागतो, आणि तान्हेपणी लागला तर शंभरांतील सुमारे नव्वद बालकांत कायमचा राहतो. ही उणीव वैद्यकशास्त्र भरून काढते. जन्मापासून २४ तासांच्या आत लस व तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन, आणि पुढील मात्रा वेळेवर दिल्या, तर बहुतेक बालके वाचतात. आईने अंगावर पाजण्यासही मग हरकत नाही.

परंतु या २४ तासांचा लाभ कोणास? ज्या घराने तपासणी करविली आणि निकाल डॉक्टरांपासून लपविला नाही, त्यास! हा विषाणू सुनेला तिच्या स्वतःच्या जन्मवेळीच लागलेला असू शकतो. यात तिचा अपराध तो कोणता?

सासूबाईंनो, डोहाळजेवणाचा थाट मांडण्यापूर्वी सुनेच्या रक्ताची तपासणी झाली का, हे विचारा. निकाल काहीही येवो, तिचे ताट वेगळे मांडू नका. एका ताटात जेवल्याने ‘बी’ वा ‘सी’ लागत नाही.