पुरुषांचे मन आणि कलेची आडवाट

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात त्या एका वर्षात देशभरात झालेल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यांपैकी १,२२,७२४ पुरुषांच्या आहेत. राज्यवार पाहिले, तर सर्वांत मोठी संख्या, २२,७४६, महाराष्ट्राची आहे. कर्ज, बेकारी, दुर्धर आजार, घरातील कलह, व्यसन अशी कारणे या नोंदींपुढे लिहिलेली असतात आणि ती खोटी नसतात. परंतु त्या कारणांचा भार वाहणारा माणूस शेवटपर्यंत कोणाशी काही बोलला होता का, यासाठी तक्त्यात रकाना नसतो. मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अनुभव असा, की पुरुष दवाखान्यात येतो तो झोप लागत नाही, छातीवर दडपण येते, पाठ धरते, पित्त उसळते अशा तक्रारी घेऊन. आणि पुष्कळदा तो येतच नाही, दारूकडे वळतो. आपल्याला जे होत आहे त्याला दुःख, भीती किंवा अपमान असे नावच देता येऊ नये, या अवस्थेला मानसशास्त्रात ‘ॲलेक्सिथायमिया’ म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निऑस यांनी १९७०च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. ‘मुलासारखा मुलगा आणि रडतोस काय’ हे वाक्य ज्याने पाचव्या वर्षापासून ऐकले, त्याच्याजवळ चाळिसाव्या वर्षी भावनांचा शब्दसंग्रह तोकडा असला, तर त्यात त्याचा दोष फारसा नाही.

अशा माणसाला समोर बसवून ‘मनात काय आहे ते सांग, मोकळा हो’ असे म्हटले, की तो बहुधा ‘काही नाही’ एवढेच उत्तर देतो. मानसिक आरोग्याच्या कितीतरी मोहिमा नेमक्या याच आवाहनावर उभ्या असतात, आणि हेतू चांगला असूनही त्या कमी पडतात, कारण न बोलण्याची सवय हीच जेथे अडचण आहे, तेथे बोलण्याची आज्ञा देऊन भागत नाही. कला येथे उपयोगी पडते ती वेगळ्या कारणाने. चित्र, नाटक, गाणे किंवा चित्रपट समोर असताना माणसाला स्वतःविषयी बोलावे लागत नाही. तो त्या पात्राविषयी, त्या रंगाविषयी, त्या सुराविषयी बोलू शकतो, आणि बोलता बोलता स्वतःच्या किती जवळ जायचे हे त्याचे तोच ठरवतो. अब्रू सांभाळत जगण्याची ज्यांना सवय लावली गेली, त्यांच्यासाठी ही आडवाटच सुरक्षित वाट असते.

मराठी समाजाला ही वाट नवी नाही. सतराव्या शतकात, १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांनी पत्नी गमावली, मुलगा गमावला, वाण्याचा व्यवसाय बुडाला. आणि त्यानंतर त्यांनी रचलेल्या अभंगांत स्वतःची अस्वस्थता, स्वतःविषयीची खंत, देवाशी मांडलेले भांडण इतक्या उघडपणे आले आहे, की एका पुरुषाने आपल्या मनाची दुरवस्था अशी चारचौघांत मांडल्याची उदाहरणे जगाच्या वाङ्मयातही थोडीच सापडतील. पुढे गावोगावच्या पुरुषांनी टाळ हाती घेऊन हे अभंग शेकडो वर्षे म्हटले. कीर्तनात किंवा भजनात एखाद्याने उपरण्याच्या टोकाने डोळे टिपले, तर त्याला कोणी कारण विचारत नाही, कारण तो रडतो आहे ते तुकोबांच्या शब्दांवर. भजनी मंडळ म्हणजे उपचारकेंद्र नव्हे, आणि भक्तीला औषधाच्या पंक्तीला बसवणे योग्यही नाही. परंतु पुरुषांना एकत्र बसून, हाताला काम देऊन, दुसऱ्याच्या शब्दांतून स्वतःचे दुःख उच्चारण्याची सोय या परंपरेने करून ठेवली होती, ही गोष्ट मोलाची आहे.

आधुनिक अर्थाने ‘कलोपचार’ या संज्ञेचा उगम इंग्लंडमधला. पहिल्या महायुद्धातील आघाडीची दृश्ये चितारलेले चित्रकार एड्रियन हिल १९३८ साली क्षयरोगामुळे ससेक्समधील एका आरोग्यधामात दाखल झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या चित्रे काढताना त्यांना स्वतःला उभारी वाटली, पुढे तेथे आलेल्या जखमी सैनिकांनाही ते चित्रे काढायला लावू लागले, आणि १९४२ साली त्यांनी या पद्धतीला हे नाव दिले. आज प्रशिक्षित कलोपचारकाच्या सत्रात चित्र चांगले की वाईट हे पाहिले जात नाही. हातात मातीचा गोळा असतो. तो दाबता, थापटता, पुन्हा मोडता येतो, नजर मातीवर असल्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, आणि उपचारक विचारतो तेही मातीविषयीच: हा भाग इतका घट्ट का ठेवला, हे भोक बुजवायचे आहे की तसेच राहू द्यायचे? उत्तर लगेच आले नाही तरी चालते. ज्याला ‘तुला काय वाटते’ या प्रश्नापुढे काही सुचत नाही, तो ‘हे असेच राहू द्या’ म्हणतो, आणि कधीकधी तेवढ्यावरून पुढचे बोलणे सुरू होते.

मराठी चित्रपटाने या क्षेत्रात केलेले काम विशेष आदराने नोंदवले पाहिजे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकांनी २००४ साली ‘देवराई’मध्ये स्किझोफ्रेनिया, म्हणजे विचार, भास आणि वास्तव यांची सांगड विस्कटवणारा आजार, एका तरुण पुरुषाच्या आणि त्याच्या बहिणीच्या आयुष्यातून दाखवला, तोवर पडद्यावरचा ‘वेडा’ बहुतेक वेळा हसण्यासाठी किंवा घाबरण्यासाठी असे. त्यांच्याच ‘कासव’ या चित्रपटाला २०१६ या वर्षासाठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक, सुवर्णकमळ, मिळाले. आलोक राजवाडे यांनी रंगवलेला त्यातील तरुण जीव नकोसा होऊन घराबाहेर पडलेला आहे. स्वतः नैराश्यातून बाहेर येऊ पाहणारी, इरावती हर्षे यांनी साकारलेली जानकी त्याला कोकणातल्या घरी आणते. येथून पुढे चित्रपट जे करत नाही ते पाहण्यासारखे आहे. जानकी त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती करत नाही. तो चिडतो, दार लावून घेतो, उपकारही नाकारतो. तरी जेवण वेळेवर येते, अंथरूण तयार असते, घरातली आणि किनाऱ्यावरची माणसे आपापली कामे करत राहतात, आणि त्या कामांत समुद्री कासवांची अंडी राखण्याचे कामही असते. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते, पिल्ले बाहेर येईपर्यंत सुमारे दीड-दोन महिने कोणीतरी जागा सांभाळायची असते, आणि पिल्लांनी पाण्याकडे मात्र आपल्या पायांनी जायचे असते. उपदेशाचे एकही वाक्य न उच्चारता सोबत कशी करावी, हे एवढ्यात दिसते.

‘कासव’सारख्या, माणूस सावरतो अशा कथेला दिलेली ही केवळ रसिकाची पसंती नव्हे, तिला अभ्यासाचाही आधार आहे. जर्मन लेखक गटेच्या १७७४ सालच्या कादंबरीचा नायक वेर्थर आत्महत्या करतो, आणि तिच्या प्रसिद्धीनंतर युरोपात तिचे अनुकरण झाल्याचे बोलले गेले; आत्महत्येच्या ठळक, रंगवलेल्या चित्रणामुळे आत्महत्या वाढतात, या निरीक्षणाला डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली ‘वेर्थर परिणाम’ असे नाव दिले. त्याची दुसरी बाजू २०१० साली ऑस्ट्रियातील थॉमस नीडरक्रोटेंथालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृत्तपत्रीय मजकुराच्या अभ्यासातून पुढे आणली: मरणाचा विचार मनात येऊनही त्यातून तरलेल्या माणसांच्या हकिकती छापून येतात, तेव्हा त्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण घटलेले आढळते. मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेतील पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुले त्याला दुसरा मार्ग दाखवतात, म्हणून याला ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. तेव्हा आत्महत्येची पद्धत तपशिलाने दाखवणारे, नायकाच्या मरणाला भव्यता देणारे नाटक किंवा चित्रपट कितीही परिणामकारक असला, तरी तो प्रेक्षागृहातल्या खचलेल्या माणसाला धोक्यात लोटतो, हे लेखक-दिग्दर्शकांनी मनावर घ्यायला हवे.

कलाकृती संपल्यावर काय होते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेले अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांनी ‘अस्तु’, ‘कासव’ यांसारख्या चित्रपटांचे खेळ चर्चेसह ठिकठिकाणी केले, ते याच जाणिवेतून. पडदा पडताच दिवे लावून, आभार मानून सगळ्यांना घरी पाठवले, तर हललेले मन पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते. चर्चेत पहिली पंधरा मिनिटे लोक अभिनयावर, छायाचित्रणावर बोलतात. त्यांना बोलू द्यावे. त्यानंतर एखादा गृहस्थ ‘माझ्या एका मित्राचे असेच झाले’ म्हणून सुरुवात करतो, आणि तो मित्र कोण, याची चौकशी कोणी करू नये. अशा वेळी समुपदेशक किंवा डॉक्टर तेथे हजर असणे अत्यावश्यक आहे, कारण तीव्र नैराश्य हा आजार आहे, त्याला निदान आणि अनेकदा औषध लागते, आणि कला माणसाला त्या दारापर्यंत आणू शकली तरी आतले काम डॉक्टरांचेच असते.

यासाठी नवी सभागृहे बांधण्याची गरज नाही. गणेशोत्सव मंडळांच्या तालमींत, एकांकिका स्पर्धांच्या संघांत, गावच्या भजनी मंडळांत पुरुष आधीपासून जमलेले असतात. पूर्व विदर्भात भाताची कापणी उरकल्यावर वडशाच्या आसपासच्या झाडीपट्टी नाटक मंडळ्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात आणि तिकीट काढून आलेला शेतकरी पहाटेपर्यंत मांडी घालून नाटक पाहतो. त्याच्या घरातले कर्ज, पडलेले पीक आणि गप्प झालेला बाप रंगमंचावर आणण्याची ताकद या मंडळ्यांत आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, ती दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रयोगाच्या फलकावर आणि तिकिटाच्या मागच्या बाजूला छापायला मंडळांना वेगळा खर्च येणार नाही.